रक्तदाबाच्या गोळ्या आणि कामजीवन : डॉक्टरांनी आधी सांगायला हवे का?

उत्तररात्र (धागाकर्ता)

नमस्कार. विषय अडचणीचा आहे, पण टोपणनावाचा एवढा तरी उपयोग व्हावा म्हणून येथे मांडतो. माझे वय ५४. रक्तदाबासाठी अटेनोलॉल आणि क्लोरथॅलिडोन या दोन गोळ्या सुरू आहेत. रक्तदाब आटोक्यात आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र गोळ्या सुरू झाल्यानंतर काही महिन्यांतच शिश्नाला पूर्वीसारखी ताठरता येईनाशी झाली. इच्छा होती तशीच आहे, शरीर साथ देत नाही. सुरुवातीला मी हे वयाच्या खात्यावर टाकले. पण "माझ्यावरून मन उडाले आहे का?" असे पत्नीने एके रात्री सरळच विचारले, तेव्हा विषय टाळणे शक्य उरले नाही. मग गोळ्यांच्या खोक्यातला बारीक टाइपाचा कागद भिंगाखाली धरून वाचला, तर ही तक्रार त्यात चक्क नोंदलेली होती.

माझे प्रश्न दोन आहेत. हे खरोखर गोळ्यांमुळेच झाले असेल का? आणि तसे होण्याची शक्यता असेल, तर औषध लिहून देतानाच डॉक्टरांनी ते सांगायला नको का? माझे मत विचाराल तर सांगायलाच हवे. मला ते कागदावरून कळावे, याचा राग अजून गेलेला नाही.

शंकासूर

त्या कागदावर सर्दीपासून दुःस्वप्नांपर्यंत सर्व काही लिहिलेले असते. चाचणीच्या काळात कोणाला ठेच लागली असती, तर तीही नोंदली गेली असती. तो कागद रुग्णासाठी कमी आणि कंपनीच्या वकिलासाठी जास्त असतो.

मेघमल्हार

उत्तररात्र, सर्वांत आधी एक विनंती : रागाच्या भरात गोळी बंद करू नका. माझ्या थोरल्या भावाने नेमके हेच केले होते. त्यालाही अटेनोलॉलच्याच गटातले, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणारे बीटा ब्लॉकर होते आणि कारणही हेच होते, फक्त ते आम्हांला नंतर कळले. गोळी अचानक सोडल्यावर नाडी धावू लागली, छातीत दुखू लागले आणि अतिदक्षता विभागात दाखल करावे लागले. तिथेही डॉक्टरांनी "गोळी का बंद केलीत?" असे विचारल्यावर तो छताकडे बघत "विसरलो" एवढेच म्हणाला.

स्पंदन

मी फिजिशियन आहे. येथे कोणाचाही उपचार करत नाही, सर्वसाधारण माहिती देतो. मेघमल्हार यांचा इशारा अगदी योग्य आहे. बीटा ब्लॉकर दीर्घकाळ घेतल्यावर शरीर त्याला सरावलेले असते, त्यामुळे ते एकाएकी काढून घेतले तर हृदयाच्या ठोक्यांचा वेग आणि हृदयावरचा ताण उसळी घेतो, आणि ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झालेल्या आहेत त्याला हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. ते औषध टप्प्याटप्प्याने उतरवावे लागते. क्लोनिडिन हे रक्तदाबाचे दुसरे एक औषध अचानक थांबवले तर रक्तदाबच भडकतो.

आता पहिला प्रश्न. सर्व औषधे एका माळेचे मणी नाहीत. मेथिलडोपा, रेसर्पिन, क्लोनिडिन ही मेंदूवर काम करणारी जुनी औषधे इच्छा आणि ताठरता या दोन्हींवर परिणाम करण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत, पण ती आता क्वचितच लिहिली जातात. त्यानंतर क्रम लागतो थायझाइड गटातील मूत्रल औषधांचा, ज्यांत आपले क्लोरथॅलिडोन मोडते, आणि जुन्या बीटा ब्लॉकरांचा, ज्यांत आपले अटेनोलॉल मोडते. म्हणजे आपल्या वाट्याला शंकास्पद यादीतील दोन्ही नावे आलेली आहेत. याउलट एनालाप्रिल, रामिप्रिल यांसारखी एसीई इनहिबिटर आणि अम्लोडिपिनसारखी कॅल्शियम चॅनल ब्लॉकर या बाबतीत बहुतांशी निरुपद्रवी आहेत. लोसार्टान, व्हाल्सार्टान, टेल्मिसार्टान ही मंडळीही त्याच पंक्तीतली, काही अभ्यासांत तर त्यांचा किंचित फायदाच दिसला आहे. बीटा ब्लॉकर देणे आवश्यकच असेल, तर त्याच गटातले नेबिव्होलॉल रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून त्यांना सैल करणारे नायट्रिक ऑक्साइड सुटायला मदत करते आणि त्याबद्दल या स्वरूपाच्या तक्रारी कमी येतात.

तरीही गोळीला लगेच दोषी ठरवू नका. ताठरता येते ती शिश्नाच्या रक्तवाहिन्या सैल होऊन त्यांत रक्त भरल्यामुळे. अनेक वर्षांच्या उच्च रक्तदाबाने याच रक्तवाहिन्यांचे अस्तर खराब झालेले असते. म्हणजे गोळी सुरू होण्यापूर्वीच मूळ आजाराने आपले काम सुरू केलेले असते.

चष्मेबद्दूर

"शंकास्पद यादीतील दोन्ही नावे आपल्या वाट्याला" हे वाचून धागाकर्त्यांचा रक्तदाब किती झाला असेल, याची काळजी वाटते. (हलकेच घ्या.)

पिंपळपान

माझा अनुभव वेगळ्या औषधाचा आहे. हृदय कमकुवत झाल्याने मला स्पायरोनोलॅक्टोन सुरू झाले. पायांची सूज उतरली, जिना चढताना लागणारी धाप कमी झाली, आणि त्याच सुमारास डाव्या स्तनाग्रामागे सुपारीएवढी गाठ हाताला लागू लागली. सदरा घासला तरी दुखायचे. इच्छाही जवळजवळ नाहीशी झाली होती, पण त्या गाठीच्या भीतीपुढे तिकडे लक्ष कोण देणार? पुरुषालाही स्तनाचा कर्करोग होऊ शकतो असे कुठेतरी वाचले होते, त्यामुळे सांगायचे धाडस होईना. आतून जाड बनियन घालून कित्येक आठवडे काढले. शेवटी छाती तपासताना डॉक्टरांचा स्टेथोस्कोप तिथे टेकला आणि मी कळवळलो, म्हणून उलगडा झाला. त्यांनी आवश्यक ती तपासणी करून औषध बदलले आणि एप्लेरेनोन दिले. दुखणे थांबले, गाठ हळूहळू विरली, इच्छाही बऱ्यापैकी परतली. "असे काही जाणवले तर सांगा" एवढे एक वाक्य आधी कानावर पडले असते, तर ते आठवडे वाचले असते. म्हणून माझे मत उत्तररात्र यांच्या बाजूने.

स्पंदन

पिंपळपान, आपण सांगितलेला परिणाम चांगलाच परिचित आहे. स्पायरोनोलॅक्टोन पुरुषी संप्रेरकांच्या कामातही अडथळा आणते. हृदयाच्या अकार्यक्षमतेवरील 'रेल्स' या १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत हे औषध घेणाऱ्या पुरुषांपैकी सुमारे १० टक्क्यांना स्तन वाढण्याचा किंवा दुखण्याचा त्रास झाला, तर तुलनेसाठी दिलेली निष्क्रिय (औषध नसलेली) गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १ टक्का होते. मात्र त्याच चाचणीत या औषधाने मृत्यूंचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले होते, हेही विसरून चालणार नाही. एप्लेरेनोन अधिक नेमकेपणाने काम करते, त्यामुळे हा त्रास त्यात बराच कमी असतो.

शंकासूर

आता "आधी सांगा" म्हणणाऱ्यांसाठी एक गंमत. इटलीतील काही हृदयरोगतज्ज्ञांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांना आधी ताठरतेची कोणतीही तक्रार नव्हती अशा ९६ पुरुषांना त्यांनी अटेनोलॉल दिले, म्हणजे धागाकर्त्यांचीच गोळी. एका गटाला औषधाचे नावही सांगितले नाही, दुसऱ्याला नाव सांगितले पण दुष्परिणाम सांगितला नाही, तिसऱ्याला नाव आणि दुष्परिणाम दोन्ही सांगितले. तीन महिन्यांनी ताठरतेची तक्रार करणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे ३.१, १५.६ आणि ३१.२ टक्के निघाले. पुढे तक्रार करणाऱ्यांना सिल्डेनाफिल (व्हायग्रातील ताठरतेचे औषध) आणि निष्क्रिय गोळी अशी दोन्ही देऊन पाहिली, तर एक जण वगळता सर्वांना दोन्हींनी सारखाच गुण आला! आता सांगा, डॉक्टरांनी तोंड उघडावे की मिटून घ्यावे?

चष्मेबद्दूर

म्हणजे तो कागद वाचणे हाच औषधाचा मुख्य दुष्परिणाम ठरतो. भिंग जप्त करावे.

तर्कट

शंकासूर यांनी आकडे बरोबर दिले आहेत, पण टक्केवारीचा पडदा दूर करून पाहू. प्रत्येक गटात ३२ माणसे होती. म्हणजे तक्रार करणारे पहिल्या गटात १, दुसऱ्यात ५ आणि तिसऱ्यात १० जण. कल दिसतो हे मान्य, पण एवढ्या लहान प्रयोगावर संपूर्ण वैद्यकीय शिष्टाचार उभा करता येणार नाही. दुसरे असे की ज्याला काही सांगितलेले नाही तो न विचारता तक्रारही करत नाही, हे वर पिंपळपान आणि मेघमल्हार यांच्या भावाच्या उदाहरणांत दिसलेच आहे. तिसऱ्या गटाला जास्त त्रास झाला की तो बोलून दाखवण्याची मोकळीक जास्त मिळाली, हे वेगळे काढणे सोपे नाही.

शिवाय धागाकर्त्यांनी त्रास सुरू झाल्यानंतर कागद वाचला आहे, त्याआधी नव्हे. त्यांच्या बाबतीत मनाचा खेळ हे स्पष्टीकरण लागूच पडत नाही.

स्पंदन

तर्कट यांचा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. त्यात दोन अभ्यासांची भर घालतो.

बीटा ब्लॉकरवरील अनेक चाचण्यांमधील ३५,००० हून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून २००२ मध्ये एक विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात लैंगिक तक्रारींची वाढ दिसली, पण ती दर हजार रुग्णांमागे वर्षाला सुमारे ५ इतकीच. म्हणजे परिणाम आहे, परंतु त्याची ख्याती त्याहून कितीतरी मोठी आहे.

दुसरा अभ्यास क्लोरथॅलिडोनसंबंधी आहे. सौम्य उच्च रक्तदाबावरील 'टॉम्स' या अमेरिकी चाचणीत पाच निरनिराळ्या औषधांची निष्क्रिय गोळीशी तुलना केली होती, आणि लैंगिक तक्रारींचे निष्कर्ष १९९७ मध्ये आले. पहिल्या दोन वर्षांत ताठरतेची तक्रार नव्याने उद्भवलेल्या पुरुषांचे प्रमाण क्लोरथॅलिडोन घेणाऱ्यांत १७.१ टक्के आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत ८.१ टक्के होते. हा फरक मोठा आहे. पण चार वर्षांपर्यंतचा हिशेब केल्यावर हेच आकडे १८.३ आणि १६.७ झाले. दोन्ही आकडे नीट पाहा : क्लोरथॅलिडोनवाल्यांचा आकडा जवळपास जागेवर राहिला, निष्क्रिय गोळीवाल्यांचा दुप्पट होऊन त्याला येऊन मिळाला. ज्यांना पुढेमागे हा त्रास होणारच होता, त्यांना या गोळीने तो लवकर गाठून दिला, असा याचा एक अर्थ मी लावतो.

अबोली

येथवरच्या चर्चेत 'रुग्ण' म्हणजे पुरुषच असे सर्वांनी गृहीत धरलेले दिसते. उच्च रक्तदाब स्त्रियांनाही असतो आणि त्या याच गोळ्या घेतात. मला अटेनोलॉल सुरू असताना इच्छा मंदावली, योनीमार्ग कोरडा राहू लागला आणि संबंध नकोसे वाटू लागले. सांगितल्यावर उत्तर मिळाले की पाळी जाण्याच्या वयात असे होतेच. होत असेलही. पण पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी धाप आणि थकवा या वेगळ्याच कारणांसाठी गोळी बदलून व्हाल्सार्टान दिले, आणि इच्छेत पडलेला फरक मला स्वतःला जाणवला. पुरुषाची तक्रार डोळ्यांना दिसते, म्हणून तिला आकडे मिळतात. आमची तक्रार 'स्वभाव' किंवा 'वय' म्हणून फाईलबाहेरच राहते.

स्पंदन

अबोली, आपली टीका रास्त आहे. स्त्रियांवरील अभ्यास संख्येने फारच थोडे आहेत. जे आहेत त्यांत पाळी थांबलेल्या स्त्रियांमध्ये अटेनोलॉल आणि व्हाल्सार्टान यांची तुलना करणारा एक अभ्यास आहे, आणि त्याचा कल आपल्या अनुभवाशी जुळतो. स्पायरोनोलॅक्टोनमुळे पाळी अनियमित होऊ शकते, हेही स्त्रियांना क्वचितच सांगितले जाते. एक सावधगिरी मात्र नोंदवतो : सार्टान आणि एसीई इनहिबिटर ही दोन्ही गर्भाला अपायकारक आहेत. गर्भधारणा होण्याची शक्यता असलेल्या स्त्रीने केवळ लैंगिक दुष्परिणाम कमी म्हणून ती मागून घेऊ नयेत.

वाटसरू७

इतका काथ्याकूट कशासाठी? वनस्पतींपासून बनवलेल्या शक्तिवर्धक कॅप्सूल सर्रास मिळतात. नैसर्गिक असल्याने अपाय नाही. माझ्या परिचयातील एका गृहस्थांना तासाभरात गुण येतो.

मात्रा

मी औषधनिर्माता आहे. वाटसरू७, तासाभरात गुण येतो हीच त्यातली धोक्याची खूण आहे. 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा कॅप्सूलमध्ये वेष्टनावर न लिहिता सिल्डेनाफिल किंवा त्याच प्रकारचे टाडालाफिल मिसळल्याचे औषध नियंत्रकांना वारंवार आढळले आहे.

हृदयरोग्यासाठी हे जीवघेणे का ठरते, ते थोडक्यात सांगतो. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी ही नायट्रेट असते. ती शरीरात नायट्रिक ऑक्साइड पुरवून रक्तवाहिन्या सैल करते. त्याच साखळीतला पुढचा संदेशवाहक नष्ट होऊ न देण्याचे काम सिल्डेनाफिल करते. एकाने नळ सोडायचा आणि दुसऱ्याने निचऱ्याची मोरी बुजवायची, असा हा प्रकार आहे. दोन्ही एकत्र आली की रक्तदाब इतका कोसळतो की प्राणावर बेतते. सिल्डेनाफिल घेतल्यानंतर किमान २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यानंतर किमान ४८ तास नायट्रेट देता येत नाही. छातीतील दुखण्यासाठीच निकोरँडिल घेणाऱ्यांनाही हीच मनाई आहे. प्रोस्टेटसाठी किंवा रक्तदाबासाठी डॉक्साझोसिन, प्राझोसिन अशा गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सिल्डेनाफिल घेऊ नये, कारण उठून उभे राहताना चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो.

गुपचूप कॅप्सूल घेतलेला माणूस छातीत दुखू लागल्यावर रुग्णालयात पोहोचतो, लाजेने काही सांगत नाही, आणि डॉक्टर नेहमीप्रमाणे त्याच्या जिभेखाली नायट्रेट ठेवतात. असे प्रसंग ऐकीव नाहीत.

शंकासूर

मात्रा, उत्तम प्रतिसाद. अवांतर : सिल्डेनाफिल मुळात छातीतील दुखण्यावर, म्हणजे हृदयासाठीच शोधले जात होते. तिथे ते फारसे चालले नाही, पण चाचणीतल्या पुरुषांनी भलताच परिणाम सांगितला आणि १९९८ मध्ये ते वेगळ्याच कामासाठी बाजारात आले. दुष्परिणामाने औषधाचे नशीब काढले असे हे दुर्मिळ उदाहरण. त्याच वर्षी नायट्रिक ऑक्साइड शरीरात संदेशवाहकाचे काम करते या शोधाला नोबेल पारितोषिकही मिळाले.

निशिगंधा_

मला पत्नीच्या बाजूने लिहायचे आहे. माझ्या यजमानांची अँजिओप्लास्टी झाली. घरी आल्यावर त्यांच्या गोळ्यांपेक्षा आम्हां दोघांची भीतीच जास्त आड आली. ते जवळ आले की माझे लक्ष त्यांच्या श्वासाकडे जाई. जरा वेग वाढला की मी "पुरे, झोपा आता" म्हणत असे, आणि ते मुकाट्याने कूस बदलत. त्यांनी त्याचा अर्थ नकार असा घेतला आणि मी त्यांच्या गप्प बसण्याला औषधाचा परिणाम समजून बसले. पुढच्या तपासणीला मीच धीर करून विचारले. डॉक्टरांनी त्यांना दोन जिने चढायला लावले, धाप किंवा छातीत दुखणे नाही हे पाहिले आणि म्हणाले, एवढे झेपत असेल तर तेही झेपेल. गोळी एकही बदलली नाही. तक्रार मात्र निम्म्याहून अधिक मिटली.

तर्कट

निशिगंधा, आपला प्रतिसाद धाग्यातील सर्वांत उपयुक्त प्रतिसादांपैकी आहे. पुरवणी म्हणून : हृदयविकाराच्या एकूण झटक्यांपैकी समागमाच्या वेळी येणारे झटके एक टक्क्याहूनही कमी असतात.

आता मूळ प्रश्नाकडे. आधी सांगावे की न सांगावे, हे द्वंद्वच मला चुकीचे वाटते. सांगण्याच्या अनेक रीती असतात. "या गोळीने नपुंसकत्व येऊ शकते" हेही सांगणेच, आणि "थोड्या जणांना त्रास होतो, झाल्यास कळवा, आपल्याकडे दुसरी औषधे आहेत" हेही सांगणेच. इटलीच्या प्रयोगात हा दुसरा प्रकार तपासलेला नव्हता.

शंकासूर

रीत कोणतीही असो, बीज पेरले जातेच. पण दुसरे वाक्य पहिल्यापेक्षा बरे, एवढी माघार घेतो.

स्पंदन

मी स्वतः काय करतो ते लिहितो, पटले तर घ्यावे. औषध सुरू करण्याआधीच, धूम्रपान, झोप, लघवी यांच्या ओघात "लैंगिक बाबतीत सध्या काही अडचण?" असे स्त्री-पुरुष दोघांनाही विचारतो. यात भीती घालणारे काही नसते. अनेकांची तक्रार आधीपासूनच असते, ती तेव्हाच नोंदली जाते आणि पुढे गोळीवर नाहक आळ येत नाही. आणि एकदा डॉक्टरांनीच विषय काढलेला असला की पुढच्या खेपेस रुग्णाला तो काढताना जीभ अडखळत नाही. दुष्परिणामाचा उल्लेख मी तर्कट यांनी सुचवलेल्या दुसऱ्या वाक्याच्या जवळपासचाच करतो. स्पायरोनोलॅक्टोन देताना मात्र स्तनांबद्दल स्पष्टच सांगतो, कारण तिथे शक्यता मोठी आहे.

उत्तररात्र (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. गोळ्या बंद केलेल्या नाहीत आणि करणारही नाही. पुढच्या तपासणीची वाट न पाहता वेळ घेतली आहे, पत्नीही सोबत येणार आहे. राग मात्र पूर्ण गेला नाही, कारण मला स्पंदन यांच्या प्रश्नासारखे काहीच कोणी विचारले नव्हते. डॉक्टरसाहेब, जाताना काय तयारी करावी? आणि तपासण्या कोणत्या सांगितल्या जातील?

स्पंदन

सुरू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी न्या. त्यात झोपेच्या, नैराश्याच्या, आम्लपित्ताच्या आणि प्रोस्टेटच्या गोळ्याही लिहा, कारण त्यांपैकी काहींचा हाच परिणाम असतो. त्रास गोळ्यांच्या आधी कधी जाणवला होता का, पहाटे आपोआप ताठरता येते का, आणि जिना चढताना किंवा भरभर चालताना छातीत जडपणा येतो का, या तिन्हींची उत्तरे विचार करून ठेवा. शेवटचा प्रश्न विषयांतर समजू नका. शिश्नाच्या रक्तवाहिन्या जेमतेम १ ते २ मिलिमीटर रुंद असतात आणि हृदयाच्या ३ ते ४ मिलिमीटर. त्यामुळे एकच आजार लहान वाहिन्यांत आधी जाणवतो, आणि ताठरतेची तक्रार कधी कधी हृदयाच्या दुखण्याच्या दोन-तीन वर्षे आधी येते. म्हणून आपले डॉक्टर गोळ्या बदलण्याबरोबरच उपाशीपोटी साखर आणि कोलेस्टेरॉल, आणि गरज वाटल्यास हृदयाची चाचणी सांगतील. टेस्टोस्टेरॉन सांगितले, तर त्यासाठी रक्त सकाळीच द्या, कारण दुपारनंतर त्याची पातळी उतरते आणि अहवाल फसवा येतो.

अबोली

आणि पत्नी सोबत असतील, तर त्यांचा स्वतःचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता, तेही त्याच भेटीत विचारून घ्या.